कष्ट तिचे, पैसे आपले?

॥ श्रीगुरवे नमः ॥



मागच्या गुरुवारी आरती झाली, प्रसाद वाटणं चालू होतं, तेवढ्यात आपल्या केंद्रातल्या ज्येष्ठ काकांनी एक प्रश्न विचारला आणि घरी जायला निघालेल्या बायकासुद्धा चपला काढून परत सतरंजीवर येऊन बसल्या. प्रश्न आमच्याच घरातला होता. आमची अमेरिकेतली भाची येत्या ऑगस्टमध्ये दोन दिवस सायकल चालवून कॅन्सरच्या कामासाठी निधी गोळा करणार आहे. तिचं पत्र आम्ही परिवाराच्या ग्रुपवर टाकलं होतं. काका म्हणाले, "सायकल तिने चालवायची आणि पैसे आपण द्यायचे, हा काय हिशोब? उद्या तुमचा नातू तासभर डोक्यावर उभा राहिला तर त्यालाही वर्गणी देणार का? द्यायचंच तर सरळ द्यावं. मध्ये सायकल कशाला?"

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण उत्तर काही सुचलं नाही. मग ताईंनी फर्मान काढलं की या वेळच्या पत्रिकेत तुम्हीच लिहा. लिहिता लिहिता लक्षात आलं की काकांचा प्रश्न वाटला तेवढा गमतीचा नाही.

आधी हा प्रकार काय ते सांगायला हवं. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात पॅन-मॅस चॅलेंज नावाची सायकलफेरी दर वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला निघते. बिली स्टार नावाच्या तरुणाने 1980 साली ती सुरू केली. त्याची आई 1974 मध्ये कॅन्सरने गेली होती. पहिल्या वर्षी 36 जण निघाले आणि 10,200 डॉलर जमले. आज सहा हजारांच्या वर माणसं सायकल चालवतात, आणि आजवर जमलेली रक्कम एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे. हे पैसे बॉस्टनच्या डेना-फार्बर कॅन्सर इन्स्टिट्यूटला जातात. सायकलस्वारांनी जमवलेला प्रत्येक डॉलर तिकडे पोचतो, फेरीचा खर्च नोंदणीच्या फीमधून आणि प्रायोजकांकडून वेगळा भागवतात.

वेगवेगळ्या अंतराचे बरेच मार्ग आहेत. भाचीने घेतलेला मार्ग स्टरब्रिज गावापासून समुद्रात शिरलेल्या चिंचोळ्या जमिनीच्या टोकापर्यंत, प्रॉव्हिन्सटाउनपर्यंत जातो. पहिल्या दिवशी सुमारे 175 किलोमीटर, रात्री बोर्न गावी मुक्काम, दुसऱ्या दिवशी सव्वाशे. आपल्या हिशोबाने पहिल्याच दिवशी हैदराबादहून निजामाबाद, तेही चढउतारांवरून, आणि झोप झाली की पुन्हा सायकलवर. शिवाय नाव नोंदवतानाच अमुक इतके हजार डॉलर जमवीन असा शब्द द्यावा लागतो आणि क्रेडिट कार्डाचा नंबरही. ठरल्या मुदतीत तेवढे जमले नाहीत तर राहिलेली रक्कम तुमच्या कार्डावरून वळती होते. म्हणजे शब्द दिला की सुटका नाही.

आमची भाची 43 वर्षांची आहे. दोन मुलं, दिवसभर संगणकासमोर बसायची नोकरी. लहानपणी काचीगुड्याच्या गल्लीत भावाची सायकल फिरवायची, त्यानंतर हँडलला हात लावलेला नाही. जानेवारीत तिने नाव घातलं तेव्हा तिकडे गुडघाभर बर्फ होता. तळघरात सायकलचं मागचं चाक एका यंत्राला लावायचं आणि भिंतीकडे बघत पॅडल मारायचं, अशी सुरुवात झाली. पहिल्या आठवड्यात वीस मिनिटांत दम लागला. आम्ही व्हिडिओ कॉलवर बघत होतो. भिंतीवर तिच्या आईचा फोटो होता, त्याला हार नव्हता. आम्ही विचारलं, हार का नाही? म्हणाली, "मावशी, हार घातला की आई वर बघते असं वाटतं. मला समोर बघणारी आई पाहिजे."

एप्रिलमध्ये रस्ते मोकळे झाले आणि खरी तयारी सुरू झाली. आठवड्यात दोन-तीन छोट्या फेऱ्या आणि रविवारी एक मोठी. ती मोठी फेरी दर आठवड्याला थोडीथोडीच वाढवायची. एकदम वाढवली तर शरीर बंड करतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला अंतर मुद्दाम कमी करायचं, कारण ताकद सायकल चालवताना येत नाही, चालवून झाल्यावर विश्रांतीत येते. हे ऐकून आम्हाला नवल वाटलं. आपण बायका विश्रांतीला आळस समजतो. नंतर शनिवार-रविवार लागोपाठ लांब फेऱ्या, कारण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशीची. दुखऱ्या अंगाने पुन्हा त्याच सीटवर बसायचं असतं.

खाण्याचं तर मोठंच शास्त्र आहे. भूक लागायच्या आधी खायचं, तहान लागायच्या आधी प्यायचं. अर्ध्या-पाऊण तासाला काहीतरी तोंडात टाकायचंच. नाही टाकलं तर दोन-अडीच तासांनी शरीरातला साठा संपतो आणि माणूस एकदम रिकामा होतो, पाय चालत नाहीत, डोकं चालत नाही, उगाच रडू येतं. तिचं एकदा तसं झालं. रस्त्याच्या कडेला बसून ती रडत होती आणि तिला कारणच कळेना. एका अनोळखी बाईने गाडी थांबवून केळं दिलं. दहा मिनिटांत रडू थांबलं. ती म्हणते, आपल्याला ज्या गोष्टी मनाच्या वाटतात त्यातल्या कितीतरी पोटाच्या असतात. (एकादशीच्या संध्याकाळी आपल्या घराघरांतून जी चिडचिड चालते ती आठवून आम्ही गप्प बसलो.) तिकडे विकत मिळणारी चिकट पाकिटं तिला मानवेनात. शेवटी ताईच्या हातचे असायचे तसे शेंगदाणा-गुळाचे लाडू, मीठ लावलेले उकडलेले बटाटे आणि खजूर यांवर गाडी आली.

आणि पडणंही झालं. या सायकलींना बूट पॅडलमध्ये अडकवायचे असतात. सिग्नलला थांबताना पाय वेळेत सुटला नाही की माणूस उभ्याउभ्या आडवा होतो. तीन वेळा पडली, तिन्ही वेळा लोकांसमोर.

आता काकांच्या प्रश्नाकडे येतो. हे सगळे कष्ट ऐकून आपल्याला "बापरे" वाटतं आणि हात खिशाकडे जातो. पण का जावा? तिचा गुडघा दुखल्याने कोणा रोग्याचं दुखणं कमी होत नाही. आपल्याकडे कष्टाला पुण्य चिकटवायची जुनी सवय आहे. अनवाणी जाणं, लोटांगण, निर्जळी. गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी याबद्दल फार परखड बोलून ठेवलं आहे. शास्त्रात न सांगितलेली घोर तपं दंभाने आणि अहंकाराने करणारे, शरीराला उगाच छळणारे, त्यांना त्यांनी आसुरी म्हटलं आहे. मान मिळावा म्हणून केलेलं तप राजस, म्हणजे आज आहे उद्या नाही असं. आपले महाराज हा अध्याय समजावताना नेहमी सांगतात की देव तुमच्या पायाचे फोड मोजत बसलेला नाही. तेव्हा काकांचं इथपर्यंत बरोबर. कष्ट ही काही नोट नाही, की ती दाखवली आणि त्या बदल्यात दान मिळालं.

मग सायकल कशाला?

याचं उत्तर आम्हाला सायकलीत नाही, तिच्या पत्रात मिळालं. पण त्यासाठी थोडं मागे जाऊन आमच्या घरातली एक गोष्ट सांगावी लागेल. ग्रुपवर ती कधी सांगितली नव्हती.

ताई 2022 मध्ये गेली. छातीत गाठ होती. पहिली गाठ हाताला लागली तेव्हा तिने चार महिने कोणालाच सांगितलं नाही. आम्हाला कळलं तेव्हा आम्हीही कोणाला सांगितलं नाही. "गाठ" हा शब्दसुद्धा घरात हळू आवाजात बोलायचो. केंद्रात विचारलं की म्हणायचो, ताईला अशक्तपणा आहे. शेजारणीने डबा पाठवू का विचारलं तर "नको, सगळं ठीक आहे". आणि अमेरिकेतल्या मुलीला तर अगदी शेवटपर्यंत सांगायचं नाही असं आम्ही सगळ्यांनी बसून ठरवलं होतं. तिची मुलं लहान, नवी नोकरी, इतक्या लांबून ती काय करणार, उगाच जिवाला घोर. प्रेमापोटीच ठरवलं. ती आली तेव्हा ताईला माणसं ओळखता येत नव्हती. नऊ दिवस मिळाले तिला.

तिने आम्हाला कधी बोल लावला नाही. ते आम्हाला जास्त जड गेलं.

फेब्रुवारीत तिने निधीसाठी पत्र लिहिलं. एकच मजकूर सगळ्यांना ढकलायचा नाही असं तिने ठरवलं होतं. ऑफिसमधले, मुलांच्या शाळेतले, भाजीच्या दुकानातले, एकेकाला वेगळं लिहिलं. पत्रात आईचं पूर्ण नाव होतं, स्तनाचा कॅन्सर असं स्पष्ट लिहिलं होतं, आणि हेही होतं की आमच्या घरात हा शब्द उच्चारत नसत म्हणून मला उशिरा कळलं. ते पत्र वाचून आमच्या घरात रात्रभर वाद झाला. चार लोकांत हे असं मांडायची काय गरज होती? ताईला आवडलं असतं का? भाऊजी तर दोन दिवस जेवले नाहीत नीट.

आणि मग तिला उत्तरं यायला लागली. मुलांच्या शाळेच्या बसचालकाने दहा डॉलर दिले आणि बसच्या दारात उभं राहून बायकोच्या आजाराबद्दल सांगितलं. चार वर्षं रोज गुड मॉर्निंग म्हणणारा माणूस, तिला काहीच ठाऊक नव्हतं. ऑफिसातली एक तरुण मुलगी म्हणाली, मलाही गाठ लागते आहे, पण दाखवायची भीती वाटते. ती तिला घेऊन डॉक्टरकडे गेली. साधी गाठ निघाली. पैसे सगळ्यांनी दिले असं नाही. एका चांगल्या श्रीमंत मित्राने पत्र वाचल्याचं कळवलंसुद्धा नाही.

समर्थांनी दासबोधात भिक्षेवर अख्खा एक समास लिहिला आहे, चौदाव्या दशकात. भिक्षेला त्यांनी निर्भय स्थिती म्हटलं आहे. लहानपणापासून ऐकत आलो, पण कधी पटलं नव्हतं. मागण्यात कसली निर्भयता? उलट मान खाली जाते. आता वाटतं, मान खाली जाते ती आपल्या मोठेपणाची. घर सुखवस्तू असलं की आपण देणारे असतो. द्यायला काही लागत नाही, हात वरच राहतो. दारात उभं राहून "माझ्याकडे कमी आहे, मला दे" म्हणणं आम्हाला ताईच्या आजारपणात जमलं नाही. एका डब्याला हो म्हणता आलं नाही. गाडगे महाराजांचं आपण कौतुक करतो ते त्यांच्या खराट्याचं. पण गावात गेल्यावर ते आधी झाडायचे आणि मग भाकरी मागायचे. झाडल्यामुळे भाकरीवर हक्क आला असं त्यात नव्हतं, पण फुकटचं घ्यायचं नाही ही आतली शिस्त होती. आम्हाला सायकल तशी वाटते. ती देणाऱ्याला दाखवायची नसून मागणाऱ्यासाठी असते. तळघरात भिंतीकडे बघून केलेली सहा महिन्यांची मेहनत कोणी बघितलेली नाही. पण "मी शब्द दिला आहे" हे रोज पहाटे पाच वाजता तिला स्वतःला सांगावं लागतं, आणि तेव्हा कुठे दुसऱ्याच्या दारात तिला ताठ उभं राहता येतं. डोक्यावर उभं राहणाऱ्या नातवाने सहा महिने हे केलं तर, काका, आम्ही त्यालाही देऊ.

काकांचा दुसरा मुद्दा मात्र जास्त अवघड आहे. ते म्हणाले, गीता देश, काळ, पात्र बघून द्यायला सांगते. बॉस्टनचं हॉस्पिटल जगातल्या नामांकित हॉस्पिटलांपैकी एक. आणि आपल्या शहरात कॅन्सरच्या रोग्यांचे नातेवाईक आवारात चटया टाकून झोपतात. मग पात्र कोण?

यावर एक हकीकत आम्हाला भाचीनेच सांगितली, आणि ती सर्वांना माहीत असावी असं वाटतं. आपल्या शेजारच्या आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव, जन्म 1895. त्यांचे भाऊ संग्रहणीसारख्या आजाराने गेले. तरुणपणी त्यांना संन्यास घ्यायचा होता, रामकृष्ण मठाच्या लोकांनी वैद्यक शिकायला सांगितलं, असं त्यांच्या चरित्रात आहे. ते बॉस्टनला गेले, हार्वर्डला शिकले, शिकताना पोटासाठी हॉस्पिटलात हलकी कामं केली. पुढे एका औषध कंपनीत त्यांच्या हाताखाली फॉलिक ॲसिडवर काम झालं आणि त्यातूनच त्याच्या उलट काम करणारी औषधं निघाली. 1947 च्या अखेरीस बॉस्टनच्या डॉक्टर सिडनी फार्बर यांनी त्यातलं एक औषध रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांना दिलं आणि पहिल्यांदा काही मुलांचा आजार, थोड्या काळासाठी का होईना, मागे हटला. याच फार्बर यांच्या नावाने आज ते इन्स्टिट्यूट आहे. सुब्बाराव 1948 च्या ऑगस्टमध्ये गेले. त्या कुळातलं मेथोट्रेक्सेट आजही जगभर मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर देतात, आपल्या हैदराबादेतही. आपल्याच सत्संगातल्या दोघीतिघी संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची जी छोटी पिवळी गोळी घेतात, ती तीच. तेव्हा तिकडचं आणि इकडचं अशी भिंत औषधाला नसते.

पण खरं सांगायचं तर एवढ्याने काकांच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर होत नाही. आजच्या रात्री चटईवर झोपलेल्या माणसाला वीस वर्षांनी निघणाऱ्या औषधाचा काय उपयोग? हे आम्ही भाचीला विचारलं. ती लगेच म्हणाली, "मावशी, तुम्ही मला डॉलर पाठवूच नका. माझा आकडा मी इथे पुरा करीन. तुम्ही तिथे जे कराल ते मला कळवा, मी तेवढे किलोमीटर त्यांच्या नावाने मोजीन." म्हणून गेल्या तीन शनिवारांपासून आम्ही पाचजणी पोळीभाजीचे चाळीस डबे कॅन्सर रुग्णांच्या नातेवाइकांना नेऊन देतो. पहिल्या शनिवारी नांदेडकडची एक बाई डबा घ्यायलाच तयार होईना. "नको ताई, आमचं सगळं ठीक आहे," असं म्हणाली. आमच्यातल्या एकीला तिचा राग आला. आम्हाला नाही आला. आम्ही तिच्या शेजारी बसलो आणि आपला डबा उघडून आधी आपण जेवायला लागलो. मग तिनेही अर्धी पोळी घेतली.

काकांना अजून पूर्ण पटलेलं नाही. ते डब्यांसाठी तांदूळ देतात, सायकलसाठी नाही, आणि तसं स्पष्ट सांगतात.

जूनमध्ये भाचीचा उजवा गुडघा पुढून दुखायला लागला. दोन आठवडे सायकल बंद. तिकडे सायकलची मापं बसवून देणारे लोक असतात, त्यांनी सांगितलं की सीट जरा खाली आहे, त्यामुळे गुडघा जास्त वाकतो. थोडं वर घेतलं. दुखणं उतरलं, पण बुडालेले दोन आठवडे परत येत नाहीत. आता शेवटच्या आठवड्यात अंतर कमीच करायचं असतं. ती म्हणते, पहिला दिवस होईल, दुसऱ्याचं सांगता येत नाही. आम्ही म्हटलं, नाही झालं तर? म्हणाली, वाटेत गाड्या असतात, बसून जाईन. पैसे तर पोचलेच आहेत. एवढ्या सहज तिने सांगितलं की हीच मुलगी जानेवारीत "पूर्ण केलं नाही तर आईला काय तोंड दाखवू" म्हणत होती, हे आम्हाला खरं वाटेना.

शेजारचा मुलगा वीस तारखेला बॉस्टनला निघतोय. त्याच्याबरोबर लाडू जातील. गूळ थोडा कमी, मीठ चिमूटभर जास्त, असं सांगून ठेवलं आहे. आणखी एक वस्तू तिने मागवली आहे. आपल्या माणसाच्या नावाचा कागद पाठीवर लावून सायकल चालवायची तिची इच्छा आहे. तिला ताईचं नाव मराठीत पाहिजे, छापलेलं नाही, आमच्या हातचं.

चार कागद खराब झाले. पाचवा बरा आला. घामाने आणि पावसाने शाई उतरू नये म्हणून यांना बरोबर घेऊन बडी चावडीजवळच्या दुकानात लॅमिनेशन करायला गेलो. दुकानदाराने कागद यंत्रात घालताना नाव वाचलं. मराठी वाचता येत असावं त्याला. "कोण या तुमच्या?" आम्ही म्हटलं, मोठी बहीण. "कशाने गेल्या?"

हे आमच्याकडे बघायला लागले. आम्ही सांगितलं.

जय गुरुदेव.
— एक सेवेकरी, हैदराबाद केंद्र